ॲलर्जी कुठली? आधी घड्याळ पाहा

अंगावर पित्त उठलं तरी ॲलर्जी, हेअरडायने कपाळ सुजलं तरी ॲलर्जी. जेल आणि कूम्ब्स या शास्त्रज्ञांनी १९६३ साली शरीराच्या संरक्षण यंत्रणेच्या या अतिप्रतिक्रियांचे चार प्रकार पाडले, आणि ते ओळखायला ‘काय खाल्लं?’पेक्षा ‘किती वेळाने झालं?’ हा प्रश्न जास्त कामाचा.

मिनिटांत झालं तर बहुधा पहिला प्रकार: शेंगदाणा, कोळंबी, मधमाशी, पेनिसिलिन. आधीच्या संपर्कात तयार झालेल्या आयजीई नावाच्या अँटीबॉडी (शरीराची संरक्षक प्रथिनं) मास्ट नावाच्या पेशींवर दबा धरून असतात. पदार्थ पुन्हा आला की त्या पेशींतून खाज-सूज आणणारं हिस्टामिन सुटतं. नुसत्या गांधी असतील तर सिट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी ठीक. सोबत दम लागला, आवाज बसला, चक्कर आली तर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच: मोठ्या माणसाला १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. ॲव्हिल (हिस्टामिनविरोधी औषध) आणि स्टेरॉइड टोचून वाट पाहण्यात वेळ जातो. रुग्णाला एकदम उठवून उभं करणं तर त्याहून घातक.

दुसऱ्या प्रकारात अँटीबॉडी थेट पेशीवरच चालून जातात. इथे घड्याळ फसवतं, कारण चुकीचं रक्त चढलं तर हाही मिनिटांचाच खेळ. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला बॉम्बे रक्तगट घ्या. रक्तगट तपासायचे अँटी-ए, अँटी-बी द्रव टाकून गुठळी होत नाही, म्हणून तो ‘ओ’ वाटतो. पण या रक्तात एच या प्रतिजनाविरुद्ध (प्रतिजन म्हणजे अँटीबॉडी ज्याला चिकटते तो घटक) अँटीबॉडी असतात, आणि ‘ओ’च्या पेशींवर एच भरपूर. रुग्णाचा सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) ‘ओ’ पेशींशी तपासला की गुठळी दिसते. नुसत्या कार्डावरच्या चाचणीत हे निसटतं. रक्त चढताना थंडी वाजली, कंबर दुखली, लघवी लाल झाली तर पिशवी लगेच बंद, सलाइन चालू, पिशवी आणि ताजा नमुना रक्तपेढीकडे.

तिसरा प्रकार उशिरा येतो. सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्याच्या सीरमपासून बनतं. ते टोचल्यावर ५ ते १४ दिवसांनी ताप, सांधेदुखी, पुरळ आलं तर प्रतिजन-अँटीबॉडीचे पुंजके रक्तवाहिन्यांत अडकलेत असं समजा. रुग्ण एव्हाना घरी गेलेला असतो, त्यामुळे चिकनगुनियाशी गल्लत सहज होते.

चौथ्यात अँटीबॉडी नाहीतच, टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) आहेत. म्हणून २४ ते ७२ तास लागतात. क्षयरोगाची माँटू चाचणी दोन-तीन दिवसांनी बघतात ती याचमुळे. गाजर गवत, नकली दागिन्यातलं निकेल, केसांच्या रंगातलं पीपीडी हे रसायन, हे नेहमीचे गुन्हेगार. पापण्या, मान, कोपराच्या घड्या अशा जागी खाज असेल तर गवताचा संशय घ्यावा.

यातला गुन्हेगार शोधायच्या पॅच टेस्टमध्ये संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास ठेवतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम गाळायचा नाही. सिट्रिझिनने निकाल सहसा बिघडत नाही, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने दबतो. पट्ट्या काढल्यावर पाठ स्वच्छ दिसली तरी चौथ्या दिवशी पुन्हा दाखवायला जायचंच. काही पदार्थ तेव्हाच उमटतात.