लुआंग प्रबांगची पहाट

आज पहाटे साडेपाचला लाओसमधल्या लुआंग प्रबांगच्या रस्त्यावर उभी होते. भगव्या चीवरांतले भिक्षू एका ओळीत, अनवाणी, एक शब्द न बोलता आले. गावातल्या बायका गुडघे टेकून प्रत्येकाच्या पात्रात चिकट भाताचा छोटासा गोळा ठेवत होत्या. लाओ भाषेत याला ‘बिंथबात’ म्हणतात. म्हणजे आपल्याकडचे बौद्ध म्हणतात तो पिंडपातच! अंगावर काटा आला. काही पर्यटक मात्र भिक्षूंच्या तोंडासमोर फ्लॅश मारत होते, ते बघवेना. इथे याल तेव्हा रस्त्याच्या पलीकडून, शांतपणे बघा, प्लीज.

१९९५ पासून हे शहर जागतिक वारसा यादीत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये रेल्वे सुरू झाल्यापासून राजधानी व्हिएन्तिआनहून इथे दोनेक तासांत येता येतं.

संध्याकाळी रात्रबाजारात एक चमचा घेतला. बॉम्बच्या ॲल्युमिनियमचा. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, त्यातले न फुटलेले अजूनही शेतांत सापडतात. चमचा अगदी हलका आहे. मघापासून हातात धरून बसलेय.