एका चालीत

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज राज्यशास्त्राचा पेपर झाला. बोटं अजून आखडलेली आहेत, तरी लिहायला बसले. उद्यावर टाकलं तर झालेलं मी गोड करून लिहीन, ही माझी खोड.

वै.ची मी रायटर. कागदोपत्री ‘लेखनिक’. तिला जन्मापासून दिसत नाही, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मी ४६ वर्षांची, घरी ब्लाउज शिवते. शिक्षण बारावी. पुढे कॉलेजचा फॉर्म भरला आणि लग्न ठरलं. ही राहून गेलेली पदवी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कामाला आली, कारण केंद्र सरकारच्या २०१८च्या सूचना तेव्हा सांगायच्या की परीक्षार्थीनं आपला रायटर आपण आणायचा असेल तर तो शिक्षणानं एक पायरी खालचा हवा. “काकू, तुम्ही अगदी चालता,” शेजारच्या मुलीनं सांगितलं. जे सांगताना जीभ चाचरायची, तेच चाललं.

पहिल्या भेटीत मी तिला दंडाला धरून जवळजवळ ओढतच रस्ता पार केला होता. पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली, “काकू, मला धरू नका. मी तुम्हाला धरते.” तिनं माझ्या कोपराच्या जरा वर हात ठेवला आणि अर्धं पाऊल मागे राहिली. मी वळले की तिला वळण कळतं, मी उतरले की पायरी कळते. मी मात्र पुढचा महिनाभर “पायरी! पायरी!” असं ओरडत चालायचे. लोक बघायचे ते माझ्याकडे.

मग चहा सुरू झाला. पेपर असो-नसो, पंधरा दिवसांतून एकदा टपरीवर. पैसे एकदा तिचे, एकदा माझे, यात ती सूट देत नाही. तिचं नोटा मोजणं मी शिवणाऱ्या बाईच्या नजरेनं बघत बसते. नोट बोटांवर आडवी धरायची आणि लांबी अंदाजायची. जुन्या पन्नास, शंभर, पाचशेत सरळ एकेक सेंटिमीटरचा फरक होता. आताची शंभरची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०, आणि रुंदी तिघींची एकच. ब्लाउजच्या मुंढ्यात ४ मिलिमीटर चुकले तर गिऱ्हाईक दारात उभं राहतं, इथं ते बोटांनी ओळखायचे, तेही मागे चार जण खोळंबलेले असताना. कडेला उठावाच्या रेघा असतात, शंभरवर चार, पाचशेवर पाच, पण नोट मळली की त्या बसतात. रिझर्व्ह बँकेचं नोट ओळखणारं ॲप तिच्या मोबाइलवर आहे. “टपरीवर उभं राहून सगळ्यांना पाचशे रुपये ऐकवू का?” म्हणून ती ते काढत नाही. घरून निघतानाच नोटांना वेगवेगळ्या घड्या घालते.

माझ्या शुद्धलेखनाची तिला धास्ती. मी चुकले तर चूक तिच्या नावावर लागते. “ग्रामीणचा मी दीर्घ काढलात ना?” असं ती भर पेपरात विचारते. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकाराचे ठिपके वेगळे, दीर्घाचे वेगळे, तिच्या बोटांना ते पाठ आहेत. माझ्या डोळ्यांना नाहीत.

तर आजचं. आम्हाला वेगळी खोली देतात. आज खेळाचं सामान ठेवायची होती, कॅरमबोर्डांच्या थप्पीला टेकून बसलो. तीन तासांच्या पेपरला चार तास, तासामागे २० मिनिटं जादा. मी प्रश्न दोनदा वाचायचा, ती हळू आवाजात सांगणार, मी उतरवणार. ती म्हणाली, “चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं ग्रामपंचायतींमध्ये महिलांना किमान एक तृतीयांश...”

माझी थोरली जाऊ पाच वर्षं सरपंच होती. तिच्या प्रत्येक सत्कारात कुणी ना कुणी भाषणात त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आणायचंच. चौऱ्याहत्तरावी नगरपालिकांची.

माझं पेन थांबलं. दोन सेकंद, जास्त नाही. पंखा एवढा खडखडत होता, म्हटलं कुणाला कळतंय. तिनं मान माझ्याकडे वळवली, मग सरळ केली आणि त्याच सुरात म्हणाली, “लिहा. चौऱ्याहत्तराव्या.”

लिहिलं. अक्षरही वाकडं आलं.

बाहेर आल्यावर तिनं काठीची घडी उलगडली. “चुकलं होतं ना ते?”

“हो.”

“मला शंका होतीच. अजून थोडा विचार केला असता तर आठवलंही असतं. तुम्ही थांबलात आणि मग मला ते बदलताच येईना.”

“अगं, एका आकड्याचं काय एवढं? कुणाला कळलं असतं?”

“मला कळलं असतं. आधीच सगळ्यांना वाटतं, आमचा पेपर रायटरच लिहितो.”

मला राग आला. चार तास मान मोडून लिहायचं आणि वर बोलणी खायची. बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसले, ती शेजारी, दोघी गप्प. अजूनही थोडा आहेच, रोजनिशीत खोटं कशाला? पण राग कशाचा ते शोधायला गेले तर हाती काही चांगलं लागत नाही. एक बरोबर उत्तर मी तिला देऊ केलं होतं आणि तिनं ते घेतलं नाही, एवढंच. तिला पुढं जायचं होतं, माझा थांबा आधी आला. मी उठले तशी ती म्हणाली, “शुक्रवारी एका चालीत लिहा हं, काकू.” आवाज नेहमीचा होता.

जेवणं झाल्यावर मुलाला बसवलं. म्हटलं, मला धडधडीत चुकीची वाक्यं सांग, मी न थांबता लिहिणार. तो खूश. नागपूर समुद्रकिनाऱ्यावर वसलेलं आहे. लिहिलं. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९५६ रोजी झाली. लिहिलं, हात जरा जड झाला, पण लिहिलं. कोयना धरण मराठवाड्यात आहे. लिहिलं.

माझी आई ब्लाउज दिलेल्या तारखेला देते.

पेन थांबलं.