म्युलूझचं क्रॅम्प्टन: बघा, पण टॅक्सी करू नका

म्युलूझ हे स्वित्झर्लंडच्या सीमेजवळचं फ्रेंच शहर, आणि क्रॅम्प्टन म्हणजे तिथल्या रेल्वे म्युझियममधलं जुनं वाफेचं इंजिन. ते बघायला बाझेल-म्युलूझ विमानतळावर उतरलात की आधी पाट्या वाचा आणि फ्रान्सच्याच दाराने बाहेर पडा. इमारत एक, दारं दोन: एक स्विस, एक फ्रेंच. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. स्विस बाजूच्या टॅक्सीवाल्याने फ्रँकमध्ये भाडं लावलं, वर सामानाचे वेगळे मागितले. सरळ लूट! तेवढ्या पैशांत दोघांची म्युझियमची तिकिटं आणि दोन वेळचं जेवण आरामात झालं असतं. फ्रेंच बाजूला सेंट लुई स्टेशनची बस मिळते, तिथून म्युलूझची रेल्वे. बॅग स्वतः उचलता येत असेल तर टॅक्सीचं नाव काढू नका.

दुसरा घोळ ट्रामचा. हॉटेलच्या काउंटरवरून छातीठोकपणे १ नंबर सांगितला गेला. ती जाते मोटारींच्या म्युझियमला. रेल्वेच्या म्युझियमसाठी, म्हणजे ‘सिते द्यु त्राँ’साठी, ३ नंबर घ्यायची आणि ‘म्युझे’ थांब्यावर उतरायचं.

आत शिरलो तेव्हा पाय गळाले होते. मग ‘ल काँतिनाँ’ समोर आलं आणि सगळा शीण उतरला. पॅरिस-स्ट्रासबुर्ग रेल्वेचं ८० नंबरचं क्रॅम्प्टन, १८५२ सालचं. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली त्याच्या आदल्या वर्षीचं! मागचं चाक २.३० मीटर व्यासाचं, साडेसात फूट. उंच माणसाचंही डोकं त्याच्या काठाखाली राहावं.

घाई न करता या चाकाचा आस बघा. वेग हवा तर चाक मोठं हवं. पण मोठ्या चाकाचा आस बॉयलरखाली घातला की बॉयलर वर चढतो, आणि इंजिन कलंडेल अशी तेव्हाच्या इंजिनियरांना धास्ती. या इंजिनाची रचना करणाऱ्या टॉमस क्रॅम्प्टनने आस थेट भट्टीच्या मागे नेला, त्यामुळे बॉयलर खालीच राहिला. फ्रान्समध्ये या इंजिनांना ताशी १२० किलोमीटरची मुभा होती. क्रॅम्प्टन स्वतः इंग्रज, पण इंग्लंडने त्याची इंजिनं फारशी घेतली नाहीत. कदर केली ती फ्रान्सने आणि जर्मनीने. उणीवही तिथेच दिसते: ओढणारा आस एकच आणि त्यावर वजन बेताचं. डबे जड झाले तशी चाकं जागेवर घसरू लागली. म्हणून पुढच्या एक्स्प्रेस इंजिनांत दोन-तीन आस दांड्यांनी जोडलेले दिसतात. क्रॅम्प्टन आधी बघा, मग ती. क्रम उलटा केलात तर निम्मी गंमत जाते.

अंधाऱ्या दालनातला देखावा मुलांसाठी ठीक, मोठ्यांनी झपाझप पुढे जावं. ‘२३२ यू १’ या वाफेच्या इंजिनाची चाकं रोलरवर फिरतात, तिथे मात्र थांबा. पूर्ण दिवस राखून ठेवा. बूट मऊ तळव्याचे हवेत, फरशी पायांचा जीव काढते.

परतीलाही सेंट लुईहून तीच बस. विमान पहाटेचं असेल तर पहिली बस किती वाजता आहे ते आदल्या संध्याकाळीच बघून ठेवा, नाहीतर पुन्हा टॅक्सीवाल्याच्याच तावडीत सापडाल.