अंथरुणाला खिळलेल्यांचं तोंड कोण धुतं?

वृद्धाश्रमात अंग पुसणं, डायपर बदलणं, झोपून पाठीला जखमा झाल्या नाहीत ना ते बघणं ही कामं बहुतेक ठिकाणी होतात. ती राहिली तर वास सुटतो, नातेवाईक विचारतात. तोंडाचं मात्र कुणी विचारत नाही, म्हणून ते राहून जातं. तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि ज्यांना नीट गिळता येत नाही त्यांना त्यातून न्यूमोनिया होतो. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. जेवणानंतर ज्यांचे दात मावश्या-नर्सेस घासून देत, त्यांच्यात न्यूमोनिया कमी आढळला.

जेवणासाठी नाकातून नळी असलेल्यांचं तोंड तर दिवसातून अनेकदा बघावं लागतं. ‘आजोबा तोंडाने खातच नाहीत, मग घासायचं काय?’ हा समज चुकीचा आहे. चावणं थांबलं की लाळ कमी सुटते, जीभ आणि टाळूवर चिकट थर वाळून बसतो. तो खरवडू नका. ओल्या गॉजने (जखमेवर बांधतात त्या जाळीदार कापडाने) आधी भिजू द्या, मग हलक्या हाताने पुसा.

घासताना शक्य असेल तर बसवा, नाहीतर कुशीवर वळवून गालाखाली टॉवेल ठेवा. उताणं झोपवून कधीच नाही. लहान मुलांचा मऊ ब्रश ओला करून झटकून घ्या. पेस्ट वाटाण्याहून कमी. चूळ भरता येत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, गॉजने टिपून घ्या. दातांमध्ये बोट घालू नका. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींनी तोंड घट्ट मिटलं तर जबरदस्ती करू नका. ब्रश त्यांच्याच हातात देऊन वरून आपला हात धरा. तरीही नाहीच म्हणाल्या, तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारा.

कवळी रात्री काढायचीच. ओली कवळी हातातून निसटते, म्हणून धुताना खाली पाणी भरलेलं घमेलं ठेवा. उकळतं पाणी वापरलं तर ती वाकते आणि मग हिरडीला टोचते. सगळ्यांच्या कवळ्या एकाच टबात गोळा करणं तर बंदच करा. नाव लिहिलेली डबी प्रत्येकाची वेगळी हवी. हिरडीवर किंवा टाळूवर लाली अथवा पांढरे चट्टे दिसले तर डॉक्टरांना दाखवा. जेवण नको म्हणण्यामागे बरेचदा हेच दुखणं असतं.

अर्धांगवायू झालेल्यांच्या लुळ्या बाजूच्या गालात पोळीचा घास किंवा सकाळची गोळी तशीच अडकून राहते, ती त्यांना कळतही नाही. प्रत्येक जेवणानंतर तिथे टॉर्च मारून बघा.