अडुळसा रोज प्यावा का?

कोथरूडला थंडी पडली की सोसायटीत कुणी ना कुणी विचारतंच, "काकू, तुमच्या अडुळशाची पानं रोज उकळून प्यायली तर चालेल ना? घरचंच तर आहे!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, रोज नको. अडुळसा म्हणजे गवती चहा नव्हे. छातीत कफ चिकटलाय, खोकून खोकून बरगड्या दुखतायत पण सुटत काही नाही, अशा वेळी तो कामाचा. त्याच्या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि त्यातून अ‍ॅम्ब्रोक्सॉल; कफ पातळ करणाऱ्या कितीतरी सिरपांच्या बाटल्यांवर ही नावं सापडतील. ते सिरप आपण हौसेनं रोज पितो का? शिवाय व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून दिवस गेलेल्या बाईला अडुळसा देऊच नये. इथे "आमची आजी द्यायची" हे मी ऐकून घेत नाही.

काढा सोपा आहे. चार-पाच पानं, सुंठ आणि ज्येष्ठमधाचा तुकडा दोन कप पाण्यात टाकून निम्मं होईपर्यंत उकळायचं. मध घालायचा तो कोमट झाल्यावर. रस काढायला बसलात तर मात्र पान दाद देत नाही. कच्चं कितीही वाटा, चोथाच हाती येतो. म्हणून आयुर्वेदात पुटपाक सांगितलाय: पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून माती लिंपायची, निखाऱ्यात भाजायचा आणि मग पिळायचा. मी इडलीपात्रात वाफवते. पानं मऊ पडून काळपट हिरवी झाली की फडक्यातून रस येतो. इतका कडू, की चमचा धुतल्यावरही वास जात नाही.

लावायला झाड एकदम गरीब. आषाढात बोटाएवढी जाड, वीतभर फांदी तिरपी कापा आणि दोन डोळे मातीत जातील अशी खोचा. शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून तर गावाकडे कुंपणाला हाच असतो. थंडीत पांढरी फुलं येतात, खालच्या ओठावर जांभळट रेघा. काळे भुंगे त्यात डोकं खुपसून बसतात. आमच्या इमारतीतली पोरंही फूल उपटून देठाकडून चोखतात. तेवढा एक थेंब गोड.

पानांची भाजी-बिजी मात्र विसरा. पण स्वयंपाकघरात त्याचा एक उपयोग आहे आणि तो कुणी विचारत नाही. सासवडकडची सीताफळं कडक मिळाली की टोपलीत खाली-वर अडुळशाची पानं घालून अढी लावायची. फळं छान पिकतात, कडूपणा आत उतरत नाही. केळ्यांनाही चालतं. त्यासाठी पानं हवी असतील तर खुशाल पिशवी भरून न्या.