बटाटे मस्त जमलेत

"मामा, बटाटे मस्त जमलेत," माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावत भाची म्हणाली. तिचा हेतू शुद्ध होता. पण ते बटाटे नव्हते, सह्याद्री होता. तासभर खपून मी कातळ उभे केले होते, दाणेदार ब्रशने त्यांच्यावर खरखरीतपणा घासला होता, दोन-चार भेगाही पाडल्या होत्या. तिचं ऐकलं आणि मलाही बटाटेच दिसायला लागले. भेगांच्या जागी मोड.

पेन टॅबलेट घेतला तेव्हा क्रिता नावाचं चित्रं काढायचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं (स्वीडिशमध्ये क्रिता म्हणजे खडू, हे कळल्यावर उगाच जवळचं वाटलं) आणि ठरवलं, सुरुवात दगडांपासून. माणसाचं नाक चुकलं की लगेच कळतं. दगडाचं काय चुकणार? एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना असला आत्मविश्वास जन्मभर पुरतो.

चूक तिथेच होती, परीक्षेतल्या त्या तांब्यात. तांब्याची छटा उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू उतरते. मी मऊ ब्रशने दगडालाही तशीच उतरवत होतो. दगड मात्र असा गोलाईने वळत नाही, तो मोडतो. चिनी चित्रकारांत जुनं म्हणणं आहे की दगडाला तीन तोंडं असतात. माथा उजेडात, एक कूस मधल्या छटेत, एक अंधारात. ही तीन तोंडं तीन सपाट रंगांत नुसती ठोकून दिली तरी दगड उभा राहतो. भेगा, खड्डे, शेवाळ हे सगळं नंतरचं. आणि मी तर भेगांपासूनच सुरुवात केली होती.

मग सोसायटीत ड्रेनेजसाठी खणलेल्या ढिगातून नारळाएवढा एक काळा दगड उचलून आणला. आई म्हणाली, "घरात आधीच काय कमी आहेत का?" मी ते माझ्यावर घेतलं नाही. दगड टेबलावर ठेवला आणि डावीकडून दिवा लावला.

पहिल्यांदाच इतका निरखून बघत होतो. ताज्या फुटलेल्या बाजूला साबुदाण्याएवढे पांढरे ठिपके होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थंड होत असताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली, त्यांचे ते ठिपके. माथ्यावर भरपूर उजेड होता, तिथे खरखरीतपणा जवळजवळ दिसतच नव्हता. अंधारातल्या बाजूलाही नाही. उजेड जिथे वळून अंधारात जात होता तेवढ्याच बोटभर पट्ट्यात प्रत्येक खळगा, प्रत्येक टवका उठून दिसत होता. मी मात्र दाणेदार ब्रश सगळीकडे सारखा फिरवला होता, पुरणपोळीला पीठ लावावं तसा.

दगडाचा फोटो काढून ड्रॉपरने (क्रितातलं रंग टिपून घेणारं साधन) त्याचा रंग उचलला तेव्हा तर ओशाळलोच. माथ्याची उजळी शंभरपैकी साठच्या घरात. माझा आकडा होता पंधरा! मी 'काळा दगड' रंगवत होतो. समोर करडा होता. आईला सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "पाट्याला टाकी लावून घेतली की तो पांढुरका व्हायचा, आठवत नाही? पाणी घातलं की परत काळा." तिने ओल्या हाताची चार बोटं दगडावर ओढली आणि चार काळे पट्टे उमटले. तेव्हा उलगडा झाला. माझ्या डोक्यातला सह्याद्री कायम पावसाळ्यातला, भिजलेला. ट्रेकचे फोटोही सगळे जुलै-ऑगस्टचे.

सावलीचीही तीच गत. मल्टिप्लाय लेअरवर, म्हणजे खालचे रंग गडद करणाऱ्या थरावर, गडद काळा ओतला की वाटायचं काम झालं, पण दगडाशेजारी सावलीऐवजी खड्डा पडायचा. खरी सावली दगडाच्या बुडाशी, जिथे तो टेबलाला टेकतो तिथे, काजळाच्या रेघेइतकी काळी होती. तिथून दूर जाताना ती फिकी आणि मऊ होत गेली होती, खिडकीच्या बाजूला तर निळसर. बुडाची ती एक रेघ चित्रात ओढली आणि इतका वेळ तरंगणारा दगड धप्पकन खाली बसला. त्या दिवसातलं सगळ्यात सुखाचं काम तेच.

मांडणीत अजून मार खातो. विषम संख्या बरी असं ऐकून तीन दगड काढले, तिन्ही सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावर. चूल झाली. वर पातेलं ठेवायचं तेवढं बाकी. जपानमधल्या क्योटोच्या र्‍योआन-जी मंदिरात पांढऱ्या खडीवर 15 दगड मांडलेत. ओसरीवर कुठेही बसा, निदान एक तरी दगड दुसऱ्याच्या आड जातो म्हणतात. माझे दगड वर्गाच्या ग्रुप फोटोसारखे, कुणीच कुणाच्या आड जायला तयार नाही. आता एक दांडगा घेतो, त्याच्या कुशीत अर्धवट झाकलेला मधला, आणि लांब कुठेतरी एक चुकार धोंडा. मग क्रितात एम दाबून चित्र आरशात बघितल्यासारखं उलटवतो. बहुतेक वेळा सगळे दगड घाटातल्या वळणावर एसटीतले प्रवासी कलंडावेत तसे एका अंगाला झुकलेले दिसतात.

परवा भाचीला नवं चित्र दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "हा मोठा दगड आहे." मी खुश. "आणि तो लांबचा?" तर म्हणे, "तो बटाटा."

मूळ दगड आता टेबलावर नाही. गॅलरीचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून आईने तो दाराशी लावून टाकलाय. सकाळी साडेआठला तिथे तिरपं ऊन येतं, ते नेमकं त्याच्या मागच्या अंगावर. ती बाजू मी अजून काढलेलीच नाही.