बूट न होणाऱ्या व्हीएममधून फाइली काढताना : आतापर्यंत कुठवर आलो

आमच्या गटाच्या हवामान-सेन्सरच्या नोंदी ज्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक) जमा व्हायच्या, ते बूट होणं बंद झालं. आत डेबियन १२ लिनक्स, एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था) आणि त्यावर एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम. डिस्क इमेज, म्हणजे व्हीएमची अख्खी डिस्क साठवणारी फाइल, क्यूकाऊ२ प्रकारची. बाहेरच्या खऱ्या मशीनवर, म्हणजे होस्टवर, लिनक्स आणि व्हीएम चालवणारं क्यूईएमयू-केव्हीएम. आतलं व्हीएम म्हणजे गेस्ट. बूट सुरू होतं, ग्रब (बूटलोडर) येतो, कर्नल लोड होतो आणि गाडी इनिटरामएफएसच्या (बूट होताना लागणाऱ्या तात्पुरत्या छोट्या सिस्टिमच्या) प्रॉम्प्टवर अडकते. फाइल सिस्टिममध्ये विसंगती आहे, एफएसचेक (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारं साधन) हाताने चालवा, असा निरोप येतो.

तीन गोष्टी हव्या आहेत : पोस्टग्रेसचा डेटाबेस, सेन्सरच्या कोडची गिट रेपॉझिटरी (कोडचे सगळे बदल जपणारा साठा) आणि होम फोल्डरमधली मराठी टिपणं. मशीन पुन्हा उभं राहिलं नाही तरी चालेल. हे मी पहिल्यांदाच ठरवून टाकलं, कारण बूट करून दाखवायचा हट्ट धरला की डेटा हकनाक जातो. बूट व्हायला ग्रब, कर्नल, इनिटरामएफएस, एफएसटॅब असं सगळं एका रांगेत धड असावं लागतं. फाइली वाचायला पार्टिशन टेबल, एलव्हीएमचा मेटाडेटा आणि फाइल सिस्टिम एवढंच पुरतं. त्यामुळे त्या प्रॉम्प्टवर एफएसचेकला सरसकट 'हो' म्हणायचा मोह आवरला. एफएसचेकचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करण्याचं. त्यासाठी एखादी फाइल टाकून द्यावी लागली तर तो ती टाकतो.

मशीन कशामुळे गेलं

होस्टची डिस्क भरली. क्यूकाऊ२ इमेज गरजेनुसार वाढत जाते, आणि वाढायला जागा उरली नाही की क्यूईएमयू गेस्टला जागच्या जागी थांबवतो. तिथवर काहीच बिघडलेलं नसतं. जागा मोकळी करून गेस्ट पुढे चालू करता येतो. पण इथे त्याआधीच होस्ट रिस्टार्ट झाला, म्हणजे गेस्टच्या दृष्टीने वीज गेल्यासारखंच झालं.

आता नुसती वीज गेली म्हणून एक्स्ट४ एवढं मोडत नाही, जर्नल (बदल करण्याआधी त्यांची नोंद ठेवणारी वही) असतंच त्यासाठी. खरं कारण व्हीएमच्या एक्सएमएल फाइलमध्ये सापडलं : डिस्कचा कॅश मोड 'अनसेफ'. इन्स्टॉलेशन झपाट्याने व्हावं म्हणून काही जण हा मोड ठेवतात. त्यात गेस्टने 'हे आत्ता डिस्कवर पक्कं लिही' असं सांगितलं तरी होस्ट ते मनावर घेत नाही. मग आधी जर्नलमध्ये आणि नंतर मूळ जागी लिहायचं, हा क्रमच राहत नाही. ज्यांच्याकडे केव्हीएमवर मशीन चालतात त्यांनी आपली एक्सएमएल एकदा उघडून बघा.

मूळ इमेजला हात नाही

इमेज दोन फाइलींची होती : एक बेस आणि तिच्यावर जुन्या स्नॅपशॉटमधून तयार झालेला ओव्हरले (बेसनंतरचे बदल साठवणारी फाइल). दोन्ही वेगळ्या डिस्कवर कॉपी केल्या, शा-२५६ (मजकुरावरून निघणारा ठसा, म्हणजे हॅश) जुळवून पाहिला आणि मूळ फाइलींची लिहायची परवानगी काढून घेतली.

इथे एक बारीक खाच आहे. ओव्हरलेच्या हेडरमध्ये बेस फाइलचा पाथ लिहिलेला असतो, आणि इथे तो पूर्ण पाथ होता. कॉपी केलेला ओव्हरले उघडला तरी तो मुकाट्याने मूळ ठिकाणचीच बेस उघडतो. आपल्याला वाटतं, आपण कॉपीवर काम करतोय. 'क्यूईएमयू-आयएमजी इन्फो'ला बॅकिंग-चेन हा पर्याय दिला की सगळी साखळी पाथसकट दिसते, तिथेच हे लक्षात येतं. मग कॉपीवर 'रीबेस' चालवून पाथ बदलला, '-यू' या पर्यायासकट. हा पर्याय फक्त हेडरमधलं नाव बदलतो, डेटाला शिवत नाही. चुकीची बेस दिली तर तो तक्रारही करणार नाही आणि आतून कचरा वाचला जाईल, म्हणून नाव दोनदा तपासून घ्यावं.

व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वापरणाऱ्यांनाही हीच गोष्ट लागू. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ताजा डेटा 'स्नॅपशॉट्स' फोल्डरमधल्या लांबलचक नावाच्या व्हीडीआय फाइलीत असतो, व्हीएमवेअरमध्ये नावाला ०००००१ जोडलेल्या व्हीएमडीकेत. नुसती मूळ डिस्क उघडली तर स्नॅपशॉटच्या दिवशीचं जुनं चित्र दिसतं आणि फाइली गेल्या असं वाटून उगाच धसका बसतो. त्याहून वाईट म्हणजे मूळ डिस्कवर काही लिहिलं गेलं तर तिच्यावरचे स्नॅपशॉट निकामी होतात.

साखळी जुळल्यावर दोन्ही फाइलींवर 'क्यूईएमयू-आयएमजी चेक', दुरुस्तीचा पर्याय न देता. काही लीक झालेले क्लस्टर (इमेजमधले जागेचे ठोकळे) निघाले आणि रेफकाउंटच्या (क्लस्टर किती ठिकाणी वापरात आहे त्या मोजणीच्या) थोड्या चुका. लीक म्हणजे फक्त वाया गेलेली जागा. रेफकाउंटची चूक लिहिताना घातक ठरते, कारण वापरात असलेला क्लस्टर मोकळा समजून त्यावर दुसरंच काही लिहिलं जाऊ शकतं. वाचताना मात्र रेफकाउंट बघितलाच जात नाही. वाचन एल१ आणि एल२ या टेबलांवरून होतं, डिस्कचा कुठला भाग इमेजमध्ये कुठे आहे ते त्यांत असतं. ती शाबूत होती, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. नेहमीच्या ६४ केबी क्लस्टरच्या इमेजमध्ये एका एल२ टेबलात ८१९२ नोंदी असतात, म्हणजे एक टेबल गेलं की डिस्कचा ५१२ एमबीचा सलग पट्टाच दिसेनासा होतो.

टाकाऊ ओव्हरले

या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली युक्ती ही. कॉपीच्याही वर एक नवा, रिकामा ओव्हरले तयार करायचा आणि सगळे प्रयोग त्याच्यावर करायचे. जे काही लिहिलं जाईल ते त्या ओव्हरलेत जातं. बिघडलं तर तो उडवायचा आणि क्षणात नवा करायचा. ८० जीबीची डिस्क पुन्हा पुन्हा कॉपी करत बसावं लागत नाही.

'क्यूईएमयू-एनबीडी'ने ओव्हरले होस्टला जोडला (एनबीडी मॉड्यूल लोड करताना मॅक्स-पार्ट द्यायला हवं, नाहीतर काही वेळा पार्टिशन दिसत नाहीत). डिस्क-पार्टिशनची यादी दाखवणाऱ्या 'एलएसबीएलके'त पी१, पी२ आणि पी५ दिसले. पी२ ला फक्त १ केबी दाखवतात, ते एक्स्टेंडेड पार्टिशन आहे, घाबरायचं कारण नाही. पी५ मध्ये एलव्हीएम. 'व्हीजीचेंज'ने व्हॉल्यूम ग्रुप सुरू केला आणि रूट व्हॉल्यूम समोर आला. होस्टच्या आणि गेस्टच्या ग्रुपचं नाव एकच असेल तर आधी 'व्हीजीइम्पोर्टक्लोन' करून नाव बदलून घ्यावं.

आता माउंट, म्हणजे फाइल सिस्टिम होस्टवर उघडणं. 'रीड-ओन्ली माउंट केलं म्हणजे डिस्कवर काही लिहिलं जात नाही' हा समज एक्स्ट४ च्या बाबतीत खरा नाही. जर्नलमध्ये काम अर्धवट राहिलेलं असेल आणि खालचं डिव्हाइस लिहिण्याजोगं असेल, तर रीड-ओन्ली माउंट करतानाही कर्नल आधी जर्नल रिप्ले करतो (त्यातलं राहिलेलं काम पुरं करतो), म्हणजे डिस्कवर लिहितो. डिव्हाइसच रीड-ओन्ली जोडलं तर तो माउंट नाकारतो आणि 'नोलोड' (जर्नलला न शिवता माउंट) वापरून बघा म्हणतो.

मी दोन्ही करून पाहिलं, वेगवेगळ्या ओव्हरलेवर. नोलोडने माउंट केल्यावर होममधले बरेच फोल्डर उघडेनात, 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग' अशी एरर यायची. जर्नल रिप्ले होऊ दिल्यावर त्यातले बहुतेक उघडले आणि पोस्टग्रेसचं डेटा फोल्डरही पूर्ण दिसलं. ते त्याच ठिकाणी आरसिंकने बाहेर काढलं. एफएसचेकच्या आधी.

पोस्टग्रेस

डेबियनमध्ये डेटा व्हार-लिबखाली असतो आणि कॉन्फिगरेशन ईटीसीखाली, तेव्हा दोन्ही आणावं लागतं. डब्ल्यूएएलचं (पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी जिथे नोंदवतं त्याचं) फोल्डर डेटासोबत अगदी जसंच्या तसं हवं. ते लॉग फाइलींचं फोल्डर समजून गाळलं तर सगळंच मुसळ केरात. डेबियन १२ चं पोस्टग्रेस १५ आहे, म्हणून नव्या डेबियन १२ व्हीएममध्येच कॉपी सुरू केली. मेजर व्हर्जन वेगळं असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही, आणि ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) वेगळी असेल तर मजकुराच्या इंडेक्सचा क्रम बिघडू शकतो.

सुरू होताना सर्व्हरने स्वतःच डब्ल्यूएएलवरून रिकव्हरी केली. लॉगमध्ये रिडू सुरू झाल्याची आणि संपल्याची ओळ आली. हे झालं नसतं तर शेवटचा उपाय म्हणून 'पीजी-रीसेटडब्ल्यूएएल' आहे, पण सुरुवातीलाच त्याच्या वाटेला जाऊ नये. लगेच 'पीजी-डंप' घेतला आणि तो विनातक्रार पूर्ण झाला.

मात्र डंप पूर्ण झाला म्हणजे डेटा बरोबर, असं धरून चालत नाही. डंप टेबलं वाचतो, इंडेक्स वाचत नाही. आणि पोस्टग्रेस १५ मध्ये पेज चेकसम (डेटाच्या प्रत्येक पानाचा ताळा) आपणहून चालू नसतात, त्यामुळे गुपचूप बिघडलेलं पेज पकडलं जाईलच असं नाही. एएमचेक या तपासणीच्या एक्स्टेन्शनने वेळेच्या कॉलमवरचा इंडेक्स बिघडलेला दाखवला. डंप नव्या डेटाबेसमध्ये भरला की इंडेक्स नव्याने बांधले जातात, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला. टेबलांची तपासणी डेटाच्या स्वभावावरून केली : सेन्सर मिनिटाला एक नोंद पाठवतो, तेव्हा खंड पडला असेल तर एका क्वेरीत दिसतो. बंद पडण्याच्या आधीचा छोटासा तुकडा गेला आहे. अनसेफ कॅश पाहता ते अपेक्षितच होतं. बाकी सलग आहे.

गिट : नावं गेलेल्या फोल्डरांची नावं परत

हा भाग सर्वांत सुंदर निघाला. रेपॉझिटरीचं ऑब्जेक्ट्स फोल्डर जर्नल रिप्ले झाल्यावरही उघडेना. तेव्हा ताजा ओव्हरले घेऊन त्याच्यावर एफएसचेक चालवला. ऑब्जेक्ट्सखालची पोटफोल्डरं लॉस्ट-अँड-फाउंड या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये आली, पण नावांऐवजी नुसते आयनोड क्रमांक (फाइल सिस्टिमचे आतले क्रमांक) घेऊन. आतल्या फाइलींची नावं मात्र शाबूत.

गिटमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टचं नाव म्हणजे त्याच्या मजकुराचा शा-१, ४० अक्षरांचा. पहिली दोन अक्षरं फोल्डरचं नाव होतात, उरलेली ३८ फाइलीचं. म्हणजे माझी हरवली होती ती फक्त पहिली दोन. कोणतीही एक फाइल झेडलिबने उलगडायची, जे बाहेर येतं त्याचा शा-१ काढायचा, शेवटची ३८ अक्षरं फाइलीच्या नावाशी जुळली की पहिली दोन हेच फोल्डरचं नाव. उलगडलेल्या मजकुराच्या सुरुवातीला प्रकार आणि लांबी असतेच (ब्लॉब, ट्री, कमिट किंवा टॅग, मग आकडा, मग शून्य बाइट), त्यामुळे वेगळं काही जोडावं लागत नाही. पायथनची छोटीशी स्क्रिप्ट पुरली. फाइलीचंही नाव गेलं असेल तरी हीच रीत चालते, आणि हॅश जुळला म्हणजे मजकूर शंभर टक्के बरोबर, ही हमी वर. इतर कुठल्याही प्रकारच्या फाइलीबद्दल मला अशी खात्री देता आली नसती.

काही ऑब्जेक्ट शून्य बाइटचे निघाले. एक्स्ट४ जागा उशिरा वाटून देतो, त्यामुळे ऐन वेळी थांबलेल्या मशीनमध्ये असे दिसतातच. ते काढून टाकले आणि दुसऱ्या एका सदस्याच्या क्लोनमधून भरून घेतले. 'गिट एफएसचेक' आता निमूट आहे.

टिपणं : चालू काम

बहुतेक टिपणं सरळ मिळाली. काही फाइली शून्य लांबीच्या आहेत. त्यांतल्या एकीची विम एडिटरची स्वॅप फाइल शेजारीच पडलेली होती, विमला '-आर' देऊन जवळजवळ सगळा मजकूर परत आला. फाइल शून्य दिसली म्हणून फोल्डर सोडू नका, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली आधी बघा.

उरलेल्यांसाठी मोकळ्या ब्लॉकांमध्ये शोध चालू आहे. फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं साधन अशा साध्या मजकुराला फारसं उपयोगी नाही. ते फाइलीच्या ठरावीक सुरुवातीवरून ओळखतं आणि टिपणाला तशी सुरुवात नसते. पण टिपणं देवनागरीत आहेत, आणि इथे तीच खूण कामाला येते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिले दोन बाइट ई० ए४ किंवा ई० ए५ असतात. ४०९६ बाइटच्या एका ब्लॉकमध्ये या जोड्या शेकड्यांनी आल्या तर तो देवनागरी मजकूरच असणार. स्लूथ किटमधल्या 'बीएलकेएलएस'ने फक्त न वाटलेले ब्लॉक वेगळे काढले. त्यामुळे सिस्टिममध्ये बसलेल्या हिंदी-मराठी भाषांतराच्या फाइलींचा गोंधळही आपोआप गाळला गेला. गेस्टच्या डिस्कवर डिस्कार्ड (मोकळे झालेले ब्लॉक डिस्कला कळवणं, म्हणजेच ट्रिम) चालू नव्हतं, हे इथे पथ्यावर पडलं. ट्रिम झालेले मोकळे ब्लॉक शून्यच वाचले गेले असते.

पहिल्या चाळणीत निघालेले तुकडे ओळखीचे आहेत. एकात सेन्सरच्या कॅलिब्रेशनचं कोष्टक आहे, वाक्याच्या मधूनच सुरू होणारं, कारण ब्लॉकची सीमा अक्षरं बघून पडत नाही. कडेचं तुटलेलं अक्षर शेजारच्या ब्लॉकच्या पहिल्या एक-दोन बाइटांशी जुळतं का, ते पाहून तुकडे जोडायला घेतले आहेत. एकाच टिपणाच्या जुन्या-नव्या प्रतीही मिसळलेल्या आहेत, त्या वेगळ्या करायच्या राहिल्या आहेत. ते होईपर्यंत मूळ इमेज आहे तशीच ठेवतो आहे.